हृदयाची फाईल, किडनीची फाईल: दोन्ही एकत्र कशा सांभाळायच्या

हृदयाचे डॉक्टर सांगतात, अंगात पाणी साठलंय, लघवीची गोळी वाढवा. पंधरा दिवसांनी किडनीचे डॉक्टर रिपोर्ट बघतात आणि म्हणतात, क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा) वाढलंय, गोळी जरा कमी करू. घरातला माणूस दोन चिठ्ठ्या हातात धरून बसतो: आता ऐकायचं कुणाचं? हा लेख त्या माणसासाठी आहे. औषधाचा डोस ठरवणं डॉक्टरांचं काम, त्यात इथे शिरायचं नाही. पण डॉक्टरांच्या दोन भेटींच्या मधले दिवस घरच्यांनाच निभवावे लागतात, आणि बरंचसं बिघडतं किंवा सावरतं ते त्याच दिवसांत.

आधी दोघांचं नातं

दोन्ही किडन्यांचं मिळून वजन साधारण तीनशे ग्रॅम. तरी हृदय दर मिनिटाला जे पाचेक लिटर रक्त बाहेर टाकतं, त्यातलं लिटरभर एकट्या या दोघींकडे जातं. त्या दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर लघवीवाटे सोडून बाकी सगळा रक्तात परत घेतात. इतकं रक्त लागणारा अवयव हृदयाच्या ताकदीवर अवलंबून असणार, हे उघड आहे.

हृदय कमजोर झालं की किडनीकडे येणारी धार बारीक होते. किडनीला कारण कळत नाही, फक्त धार कळते. नळाला पाणी कमी आलं की धरणच आटलं असं समजून घरातला प्रत्येक हंडा भरून ठेवावा, तशी ती मीठ आणि पाणी साठवायला लागते. रेनिन नावाचं रसायन सोडते, त्यातून रक्तवाहिन्या आवळल्या जातात, बीपी वाढतं, अंगात पाणी वाढतं. म्हणजे आधीच थकलेल्या हृदयावर आणखी ओझं.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. हृदयाला रक्त पुढे ढकलता येईना की ते मागे, शिरांमध्ये, तुंबतं. किडनीतून बाहेर पडणाऱ्या शिरेतही दाब वाढतो. रक्त आत यायला जोर कमी आणि बाहेर जायला वाट नाही, अशी तिची कोंडी होते. म्हणूनच सुजलेल्या पेशंटच्या अंगातलं पाणी काढल्यावर कितीतरी वेळा किडनीचा रिपोर्ट सुधारतो. ‘लघवीच्या गोळीने किडनी खराब होते’ हे वाक्य नातेवाइकांच्या तोंडी सर्रास असतं. ते अर्धवट आहे. गरजेपेक्षा जास्त पाणी काढलं तर किडनीला त्रास होतोच, पण तुंबलेलं पाणी तसंच ठेवलं तरीही होतो.

उलटी वाटही आहे. किडनी बिघडली की बीपी वाढतं, रक्त कमी होतं, फॉस्फरस वाढून रक्तवाहिन्यांच्या भिंतींत कॅल्शियम बसतं, हृदयाचा डावा कप्पा जाड होतो. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइट या डॉक्टरने १८३६ मध्येच नोंदवलं होतं की किडनी आकसलेल्या रुग्णांचं हृदय मोठं झालेलं सापडतं. आजही किडनीचा जुना आजार असलेल्या बहुसंख्य लोकांना डायलिसिसपर्यंत पोचण्यापेक्षा हृदयविकाराने दगावण्याचाच धोका जास्त असतो. किडनीच्या पेशंटला ‘हार्टचं काही नाही ना’ म्हणून कुणी निश्चिंत राहू नये, ते यासाठी.

पहिली पायरी: सुरुवात कुठून झाली ते विचारा

वैद्यकशास्त्रात या दुहेरी दुखण्याचे पाच प्रकार पाडलेले आहेत. ते पाठ करायची गरज नाही. डॉक्टरांना दोनच प्रश्न विचारा: आधी हृदय बिघडलं की किडनी, की मधुमेहासारख्या तिसऱ्याच आजाराने दोन्ही? आणि हे अचानक झालंय की हळूहळू? हार्ट अ‍ॅटॅकनंतर चार दिवसांत वाढलेलं क्रिएटिनिन बऱ्याचदा उतरतं. दहा वर्षांच्या शुगर-बीपीने खालावलेली किडनी पूर्ववत होत नाही, तिथे आहे ते टिकवायचं असतं. दोन्हीकडचे उपाय, आणि दोन्हीकडची आशा, वेगळी.

दुसरी पायरी: रिपोर्ट वाचायला शिका

रिपोर्टवर क्रिएटिनिन शोधायची सवय सगळ्यांना असते. ‘१.३ आहे, थोडंसंच जास्त आहे.’ पण १.३ हा आकडा एकटा फार काही सांगत नाही. तो ३० वर्षांच्या पुरुषाचा असेल तर किडनीचं गाळण्याचं काम ७५ च्या आसपास निघतं; ६५ वर्षांच्या बाईचा असेल तर ४५ च्या आसपास. एक जवळजवळ बिनघोर, दुसरी सरळ किडनीच्या आजाराच्या तिसऱ्या टप्प्यात. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. बारीक, वयस्कर बाईच्या अंगात स्नायूच कमी, त्यामुळे किडनी निम्म्यावर आली तरी आकडा साळसूद दिसतो. आपल्याकडच्या आया-आज्यांचं दुखणं उशिरा लक्षात येण्याचं हे एक मोठं कारण आहे असं मला वाटतं.

म्हणून बघायचा तो ईजीएफआर, म्हणजे हाच गाळण्याच्या कामाचा आकडा. बऱ्याच लॅब तो आता क्रिएटिनिनच्या खालीच छापतात. नसेल तर वय आणि लिंग घालून डॉक्टर लगेच काढून देतात. ६० च्या खाली तीन महिन्यांहून जास्त काळ राहिला तर तो किडनीचा जुना आजार. ४५ ते ५९ आणि ३० ते ४४ हे तिसऱ्या टप्प्याचे दोन भाग, १५ ते २९ चौथा, १५ च्या खाली पाचवा. एका रिपोर्टवरून टप्पा ठरवू नका. जुलाब झाले होते, ताप होता, आदल्या दिवशी भरपूर मटण झालं होतं, तरी आकडा हलतो.

दुसरी तपासणी हमखास राहून जाते ती म्हणजे लघवीतलं प्रोटीन. तिचं नाव एसीआर, सकाळच्या लघवीचा छोटा नमुना पुरतो. ब्राइटच्या काळी लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवायचे आणि ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठते का ते बघायचे. आताची तपासणी तेच काम आकड्यात करते. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली ठीक, ३० ते ३०० धोक्याची सुरुवात, ३०० च्या वर गंभीर. गंमत अशी की ईजीएफआर उत्तम असला तरी एसीआर वाढलेला असेल तर हृदयाचाही धोका वाढलेला असतो. शुगर किंवा बीपी असलेल्या प्रत्येकाने ही वर्षातून एकदा करावी. डॉक्टरांनी लिहिली नसेल तर विचारा. लघवीला टिकून राहणारा फेस येत असेल तर वाट बघू नका.

बाकी आकडे भरभर बघू. पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ असावं, ५.५ च्या वर गेलं तर डॉक्टरांना फोन, ६ च्या वर गेलं तर त्याच दिवशी दवाखाना, कारण हृदयाचे ठोके बिघडतात. हिमोग्लोबिन बघा, कमी रक्त म्हणजे हृदयाला जादा काम. आणि इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. इकोवर ‘ईएफ’ म्हणून जो टक्का असतो त्याला लोक पंपिंग म्हणतात. ५० च्या वर असेल तर पंपिंग चांगलं, ४० किंवा खाली म्हणजे कमी. पण पंपिंग ६० टक्के असूनही हृदय ताठर झाल्याने धाप लागू शकते, आणि किडनीच्या पेशंटमध्ये हे फार दिसतं. ‘पंपिंग नॉर्मल आहे’ ऐकून धाप लागण्याकडे काणाडोळा करू नये.

हृदयावर ताण आला की वाढणारी एनटी-प्रोबीएनपी नावाची रक्ततपासणी असते. हार्ट अ‍ॅटॅकची ट्रोपोनिन असते. किडनी अशक्त असेल तर या दोन्हींचे आकडे एरवीही वरच राहतात. म्हणून नवा आकडा जुन्या आकड्याशी ताडून बघावा लागतो, आणि जुने रिपोर्ट जपून ठेवावे लागतात.

तिसरी पायरी: एक वही, एक वजनकाटा

दोन फायली असतील तर असू द्या, पण वही एकच ठेवा. तीत रोज तीन गोष्टी लिहायच्या: वजन, बीपी, सूज.

वजन रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, साधारण तेवढ्याच कपड्यांत, त्याच काट्यावर. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नव्हे, पाणी आहे. जेवण वाढवून तीन दिवसांत कुणी दोन किलो जाड होत नाही. हा आकडा दिसला की त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं, धाप लागायची वाट बघायची नाही. पाय सुजलेले दिसतात तोवर बरंच पाणी साठून गेलेलं असतं. काटा त्याच्या आधी बोलतो. या सगळ्या लेखातली एकच गोष्ट करायची झाली तर ही करा.

बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसावं, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीवर टेबलावर. अर्धा तास आधी चहा, तंबाखू नको. मोजताना बोलायचं नाही. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहा. बहुतेकांसाठी १३०/८० च्या खाली हे लक्ष्य असतं, पण वय, चक्कर, हृदयाची अवस्था बघून डॉक्टर ते बदलतात. तुमचं लक्ष्य विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर उभ्याने मोजलेला आकडाही हवा.

सूज बघायला नडगीच्या हाडावर अंगठ्याने पाचेक सेकंद दाबा. खड्डा राहिला तर सूज आहे. जो माणूस अंथरुणावरच असतो त्याची सूज पायांवर दिसत नाही, कमरेच्या मागे दिसते. रात्री उशा किती लागतात तेही लिहा. एकीच्या दोन, दोनाच्या तीन व्हायला लागल्या तर छातीत पाणी वाढतंय.

चौथी पायरी: मीठ

पथ्याची लांबलचक यादी हातात पडते आणि माणूस गांगरतो. एकच गोष्ट आधी धरायची असेल तर मीठ. पाण्यापेक्षाही आधी, कारण मीठ कमी झालं की तहान आपोआप कमी होते, लघवीच्या गोळीचा गुण वाढतो, बीपी उतरतं.

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, सगळं धरून. आपल्या घरात किती जातं ते काढायचा सोपा हिशेब आहे. चार माणसांचं घर असेल तर ५ ग्रॅमच्या हिशेबाने महिन्याला ६०० ग्रॅम. तुमच्याकडे किलोचा पुडा महिनाभरात संपत असेल तर माणशी आठ ग्रॅमच्या वर नुसतं स्वयंपाकातलं झालं. लोणचं, पापड, फरसाण, बेकरीची खारी, बाहेरचा वडापाव हे त्यावर आणखी.

कमी कुठून करायचं? पोळीच्या कणकेत आणि भातात मीठ घालायची सवय असेल तर तिथून सुरुवात करा, आठवड्यात जिभेला कळेनासं होतं. भाकरी बहुतेक घरांत बिनमिठाचीच असते, ती चांगली. ताटात डावीकडचं मीठ वाढणं बंद. लोणचं, सांडगी मिरची, पापड यांतलं काही नेहमीसाठी नको. पापडात मिठाबरोबर पापडखारही असतो, म्हणजे सोडियम दोन्ही बाजूंनी. खाण्याचा सोडा घातलेला ढोकळा, पित्तावर घेतलेलं फसफसणारं चूर्ण, दोन्हींत सोडियम भरपूर असतं. कोकणातल्या घरात सुकट-बोंबील सुटणं अवघड, हे मान्य. पण खारवलेली मासळी ही या आजारात खरोखरच वाईट निवड आहे. ताजा मासा खा. लिंबू, आमसूल, लसूण, जिरं, मिरी, ओवा यांनी चव बरीच सावरते. घरातल्या सगळ्यांसाठीच मीठ कमी करावं. एकासाठी वेगळी आमटी करणं दोन आठवड्यांच्या पुढे टिकत नाही.

दोन सापळे. सैंधव, पादेलोण ही नावं सात्त्विक वाटतात, पण ते मुख्यतः सोडियम क्लोराइडच. आणि ‘लो सोडियम’ म्हणून मिळणारं मीठ या पेशंटसाठी जास्त धोक्याचं, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम मिसळलेलं असतं. निरोगी माणसाला ते चालेल. किडनी कमजोर आणि वर पोटॅशियम वाढवणारी औषधं चालू, अशा माणसाला डॉक्टरांना न विचारता देऊ नये.

पाणी आणि पोटॅशियम: सगळ्यांना एकच नियम नाही

‘भरपूर पाणी प्या, किडनी साफ होते’ हा सल्ला मुतखड्याच्या माणसासाठी. सूज आणि धाप असलेल्यासाठी तो घातक ठरू शकतो. तुम्हाला किती पाणी चालेल हा आकडा डॉक्टरांकडून लिटरमध्ये घ्या. ‘जरा कमी’ हे उत्तर मानू नका. आकडा मिळाला की तेवढं पाणी सकाळी एका बाटलीत भरून ठेवा. चहा, ताक, सार, आमटीचं पाणी घेतलं की तेवढं बाटलीतून कमी करायचं. मर्यादा घातलीच नसेल तर उगाच तहानलेलं राहू नका.

पोटॅशियमचंही तसंच. रिपोर्टमध्ये ते वाढलेलं नसेल तर फळं-भाज्या बंद करायचं कारण नाही. उगाच सगळं तोडून माणसं नुसती अशक्त होतात. वाढलेलं असेल तर शहाळं, केळी, मोसंबीचा रस, टोमॅटो, बटाटा, रताळं, खजूर, गूळ, सुकामेवा यांवर आवर घाला. सफरचंद, अननस, दुधी, काकडी, कोबी बऱ्यापैकी चालतात. बटाटा खायचाच झाला तर सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी फेकून द्यायचं. आजारी माणसाला भेटायला जाताना शहाळं न्यायची आपली रीत आहे; या घरी ते नेऊ नका. आणि कमरख, म्हणजे कोकण-गोव्यातलं करमल, किडनीच्या पेशंटने चाखूसुद्धा नये. त्यातलं विष किडनीवाटे बाहेर पडत नाही, थेट मेंदूवर परिणाम होतो.

पाचवी पायरी: गोळ्या, आणि तो वाढलेला आकडा

इथे जरा थांबून वाचा, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं.

दोन्ही अवयवांना सांभाळणाऱ्या औषधांचे मुख्य गट असे. रामिप्रिल, एनालाप्रिल किंवा टेल्मिसार्टन, लोसार्टन. हृदय कमजोर असेल तर सॅक्युबिट्रिल-वलसार्टन. ही किडनीच्या गाळणीतला दाब उतरवतात. मग स्पायरोनोलॅक्टोन, एप्लेरेनोन, फिनेरेनोन. तिसरा गट डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांचा. ही मुळात शुगरची औषधं, पण २०१९ पासूनच्या मोठ्या चाचण्यांत दिसलं की शुगर नसलेल्यांचंही हृदय आणि किडनी दोन्ही ती वाचवतात. त्यामुळे ‘मला शुगर नाही, मग ही गोळी का?’ असं म्हणून ती परत करू नका. पेटंट संपल्यामुळे त्या आता बऱ्याच स्वस्तही झाल्या आहेत, जनऔषधी केंद्रात विचारा. ही गोळी चालू असताना लघवीच्या तपासणीत साखर येणारच, घाबरू नका. जागेची स्वच्छता मात्र ठेवा, खाज-बुरशीचा त्रास होऊ शकतो. हृदयासाठी बीटा ब्लॉकर (ठोके आणि बीपी आवरणारी गोळी), कोलेस्टेरॉलची गोळी आणि पाणी काढायला फ्युरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइड हे वेगळे.

आता मुद्दा. यांतली बरीच औषधं सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडं वाढतं. गाळणीतला दाब उतरला की गाळण जरा मंदावतं, हे अपेक्षितच असतं. १.५ होतं ते १.८ झालं, म्हणजे ३० टक्क्यांच्या आतली वाढ, आणि पोटॅशियम ठीक, बीपी ठीक, माणसाला बरं वाटतंय, तर डॉक्टर सहसा औषध चालूच ठेवतात. पुढच्या वर्षांत हीच किडनी औषधाविना असलेल्या किडनीपेक्षा जास्त टिकते. पण घरी काय होतं? रिपोर्टवर लाल अक्षरात आकडा दिसतो, कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर सांगतं, आणि गोळी परस्पर बंद. दोन महिन्यांनी माणूस धाप लागून दाखल.

तेव्हा औषध सुरू करतानाच तीन गोष्टी विचारून वहीत लिहा. पुढची क्रिएटिनिन-पोटॅशियमची तपासणी कधी (साधारण एक-दोन आठवड्यांनी असते)? आकडा किती वाढला तर चालेल? आणि कितीच्या पुढे गेला तर फोन करायचा? ही तीन उत्तरं हातात असली की रिपोर्ट आल्यावर घरात घबराट होत नाही. दोन डॉक्टरांचं म्हणणं उलटसुलट वाटलं तर दोन्ही चिठ्ठ्यांचा फोटो दोघांनाही दाखवा आणि सरळ म्हणा, ‘डॉक्टर, त्यांच्याशी एकदा बोलून घ्याल का?’ यात कुणाचा अपमान होत नाही. तिसऱ्या दवाखान्यात गेलात, अगदी दातांच्या, तरी वही सोबत न्या. लघवीच्या इन्फेक्शनवर सहज दिलं जाणारं कोट्रायमॉक्साझोलसुद्धा पोटॅशियम वाढवतं.

सहावी पायरी: मेडिकलच्या काउंटरवरून काय आणायचं नाही

गुडघे दुखतात, कंबर धरते, आणि दुकानदार एक गोळी देतो. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, एसिक्लोफेनॅक, नावं बरीच आहेत. या वेदनाशामक गोळ्या किडनीत येणारी रक्तवाहिनी आवळतात आणि मीठ-पाणी धरून ठेवतात, म्हणजे दोन्ही अवयवांवर एकदम घाव. त्यातून टेल्मिसार्टनसारखी गोळी आणि लघवीची गोळी आधीच चालू असेल तर हे तिघं मिळून काही दिवसांत किडनी बंद पाडू शकतात. दुखण्यावर पॅरासिटामॉल, तेही सांगितलेल्या मात्रेत. शेक आणि व्यायाम. घरातल्या औषधांच्या डब्यातून बाकीच्या वेदनाशामक गोळ्या काढूनच टाका.

‘किडनी साफ करणारा’ काढा, अनोळखी भस्मं, पुडीतून दिलेली बिननावाची पावडर यांपासूनही दूर. काही भस्मांत शिसं-पारा सापडलेला आहे आणि काही वनस्पती थेट किडनी जाळतात. आयुर्वेदिक औषध घ्यायचंच असेल तर नोंदणीकृत वैद्याकडून, नाव लिहून, आणि किडनीच्या डॉक्टरांना दाखवून. जिमची प्रोटीन पावडर नको, तसं डाळच बंद करणंही नको. डायलिसिस नसलेल्याला वजनाच्या दर किलोमागे साधारण ०.८ ग्रॅम प्रोटीन लागतंच, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४८ ग्रॅमच्या आसपास.

सातवी पायरी: जुलाब, ऊन, उपास

रोज जी औषधं किडनीला जपतात तीच उलट्या-जुलाबांच्या दिवशी तिला अडचणीत आणतात. अंगातलं पाणी आधीच गेलेलं, त्यात लघवीची गोळी आणखी काढणार. म्हणून बरे असतानाच डॉक्टरांना विचारून ‘आजारपणाच्या दिवशी कोणत्या गोळ्या थांबवायच्या’ याची यादी करून घ्या. त्यात बहुधा लघवीची गोळी, टेल्मिसार्टन-रामिप्रिलचा गट, स्पायरोनोलॅक्टोन, डापाग्लिफ्लोझिन, मेटफॉर्मिन येतात. नीट खाणं-पिणं सुरू होऊन एक-दोन दिवस झाले की परत चालू. परत चालू करायला विसरणं ही नेहमीची गोष्ट आहे, म्हणून थांबवल्याची तारीख वहीत हवी.

विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हातही तेच होतं. घाम भरपूर, पण लघवीच्या गोळीचा डोस हिवाळ्यातलाच. वजन नेहमीपेक्षा दोन किलो उतरलं, बीपी खाली, चक्कर, तर डॉक्टरांना विचारून डोस बदलावा लागतो. वारीला जाणाऱ्यांनी तर निघण्याआधीच विचारून घ्यावं.

उपासाच्या दिवशी ताटात काय असतं बघा: बटाटा, रताळं, शेंगदाणे, खजूर, केळी, सैंधव. पोटॅशियम वाढलेल्यासाठी याहून वाईट ताट जमवणं कठीण. निर्जळी उपास आणि डापाग्लिफ्लोझिन ही जोडीही चांगली नाही, रक्तात आम्ल वाढू शकतं. देवाला हे सांगून टाकायला हरकत नसावी. रोजे असतील तर महिनाभर आधी डॉक्टरांशी बोलून गोळ्यांच्या वेळा ठरवा.

अँजिओग्राफी, ऑपरेशन, डायलिसिस

‘किडनी खराब आहे म्हणून अँजिओग्राफी नको’ असं नातेवाईक ठरवून टाकतात. छातीत दुखतंय आणि डॉक्टरांना गरज वाटतेय, तर टाळणं जास्त महागात पडतं. ईजीएफआर आधी सांगा, कमीत कमी डाय (तपासणीसाठी रक्तवाहिनीत सोडायचं औषध) वापरायला सांगा, कोणत्या गोळ्या थांबवायच्या ते विचारा, आणि दोन-तीन दिवसांनी क्रिएटिनिन परत करा. ईजीएफआर ३० च्या खाली असेल तर आणखी एक. पुढे डायलिसिससाठी हातात फिश्चुला (शीर आणि धमनी जोडून केलेली वाट) करावा लागू शकतो, तेव्हा कमी वापराच्या हाताच्या (बहुतेकांच्या डाव्या) शिरा जपा. त्या हातातून रक्त काढू देऊ नका, सलाईन लावू देऊ नका. मनगटातून अँजिओग्राफी ठरत असेल तर किडनीच्या डॉक्टरांनाही आधी विचारलेलं बरं.

डायलिसिस सुरू असेल तर हृदयाच्या दृष्टीने दोन गोष्टी. दोन डायलिसिसच्या मध्ये वजन किती वाढतं ते बघा. जितकं जास्त पाणी चार तासांत ओढून काढावं लागेल तितका हृदयाला दणका. आणि आठवड्यातला सगळ्यात लांब खंड, म्हणजे शनिवारनंतर थेट मंगळवार, हा सगळ्यात जोखमीचा. त्या दिवसांत मीठ, पाणी, फळं यांवर जास्त लक्ष.

खर्चासाठी: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस, अँजिओप्लास्टी, बायपास येतात. रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, आधार आणि रेशन कार्ड घेऊन त्याला भेटा. केंद्राच्या २०१६ च्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांत दारिद्र्यरेषेखालच्यांना डायलिसिस मोफत असतं. राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. तिथल्या समाजसेवा विभागात उत्पन्नाचा दाखला घेऊन जा. दाखला आधीच काढून ठेवा, दाखल झाल्यावर तहसील कार्यालयाच्या फेऱ्या कुणाला जमत नाहीत.

कधी थांबायचं नाही

बसल्या जागी धाप, आडवं होताच गुदमरणं, गुलाबी फेस येणारा खोकला, छातीत दाब किंवा डावा हात-जबडा दुखून घाम फुटणं, अचानक अंग लुळं पडल्यासारखी अशक्तता आणि मंद नाडी, दिवसभर लघवी जवळजवळ न होणं, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं: यांतलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन. रात्र आहे, सकाळी बघू, असं करू नका. पोटॅशियम वाढल्यावर सकाळपर्यंत वेळ असतोच असं नाही. पेशंटला आडवं न करता उशा लावून बसवून न्या. पाणी पाजू नका, घरातली जादा गोळी देऊ नका.

दवाखान्यात पोचल्यावर पहिल्या डॉक्टरांच्या हातात वही द्या आणि तोंडी एवढं सांगा: शेवटचं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम किती व कधीचं, नेहमीचं वजन किती आणि आजचं किती, कोणत्या गोळ्या चालू, शेवटचं डायलिसिस कधी झालं, आणि फिश्चुला कोणत्या हाताला. त्या हातावर बीपीचा पट्टा बांधायला कुणी आलं तर तिथल्या तिथे थांबवा.